पाकोळी छाप, क्रमांक ४१७

१

चोरी झाल्याचं कळलं ते एका आकड्यामुळे, आणि तो आकडा व्हर्नियरला सापडला होता.

व्हर्नियर हे काही तिचं खरं नाव नव्हे. भौतिकशास्त्राची पदवी हातात पडल्यावर ती जुन्या बंदुकांच्या दुकानात मूल्यमापक म्हणून लागली. मिलिमीटरचा विसावा भाग मोजणारं व्हर्नियर कॅलिपर कायम तिच्या खिशात असे, म्हणून मालकांनी पहिल्याच आठवड्यात तिला ते नाव चिकटवलं. आता गिऱ्हाइकंही तिला त्याच नावाने हाक मारत.

त्या दिवशी काकू रायफल घेऊन आल्या, सोबत मुलगा होता. काकूंचे यजमान गणिताचे मास्तर. पंचवीस वर्षं ते नेमबाजी क्लबात जाऊन कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडत. सात महिन्यांपूर्वी ते गेले. घरात दुसरं कोणी त्या वाटेला जाणारं नव्हतं, तेव्हा रायफल विकायची ठरली. विकायची तर किंमत किती?

इथेच घोडं अडलं. नावाजलेल्या कंपन्यांच्या रायफलींचे दर छापील पुस्तकात मिळतात. ही होती पाकोळी छाप. नळीच्या बुडावर उडती पाकोळी कोरलेली, खाली क्रमांक ४१७. एका छोट्या कारखान्याने सहाशेच्या आसपास रायफली केल्या आणि वीस वर्षांपूर्वी कुलूप लावलं. कुठल्याही पुस्तकात या छापाला एक ओळसुद्धा नव्हती. व्हर्नियरने दुकानातली जुनी कागदपत्रं उपसली, तेव्हा एकच विक्री सापडली. चार वर्षांपूर्वी मालकांनीच पाकोळी क्रमांक ४३१ दोन लाखांना विकली होती. शेरा होता: 'नळीचा आणि बोल्टचा क्रमांक जुळतो. जोडी मूळची.'

बोल्ट म्हणजे गोळी नळीत ढकलून मागून दार बंद करणारा लोखंडी दांडा. तो आणि नळी एकमेकांना अगदी बरोबर बसले, तरच नेम बसतो. मास्तरांच्या रायफलीचा बोल्ट तिने बाहेर काढला, भिंग धरलं. क्रमांक होता ४१२.

तिने अहवाल लिहिला: 'नळी ४१७, बोल्ट ४१२. मुठीखाली किरकोळ खड्डे. बोल्ट मूळचा नाही, नंतर बदललेला आहे. अंदाजे किंमत ऐंशी हजार.'

मुलाने तो उभ्या-उभ्या वाचला. "बदललेला? बाबांनी ही रायफल नवीकोरी घेतली होती. स्वतःच्या जिवापेक्षा जास्त जपायचे. मग बदलला कोणी?"

"ते मला आकड्यावरून सांगता येणार नाही," व्हर्नियर म्हणाली.

ते दुसऱ्याच दिवशी क्लबाने सांगितलं. क्लबात पाकोळी छाप आणखी एकच रायफल होती. तिच्या नळीचा क्रमांक ४१२.

२

क्लबात सुरक्षिततेचा एक नियम होता: रायफली एका कपाटात, बोल्ट दुसऱ्या कपाटात. दोन्ही किल्ल्या कोठीकाकांकडे. शस्त्रांची कोठी एकतीस वर्षं सांभाळणारा हा माणूस. मास्तरांच्या मागे रायफल सात महिने तिथेच होती. सगळ्यांनी दोन अधिक दोन केलं. ४१२ची रायफल कर्नलची. कर्नलचा नेम गेल्या सहा महिन्यांत अचानक सुधारला होता. म्हणजे कोठीकाकांनी काहीतरी घेऊन मास्तरांचा चांगला बोल्ट कर्नलला दिला आणि कर्नलचा झिजलेला इकडे बसवला.

क्लबाने कोठीकाकांकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि तशी सूचना फलकावर लावली. शनिवारी समितीची बैठक होती. त्यात त्यांना कामावरून काढण्याचा ठराव यायचा होता, आणि त्याला पुरावा म्हणून व्हर्नियरचा अहवाल जोडला होता.

हे कळलं तेव्हा तिने अहवालाची प्रत काढून पुन्हा वाचली. अहवालात तिने चोरी हा शब्दसुद्धा लिहिला नव्हता. पण 'नंतर बदललेला आहे' हे तिनेच लिहिलं होतं, आणि तेही अगदी ठासून.

ती कोठीकाकांच्या घरी गेली. ते पायरीवर बसून एका जुन्या कुलपाला तेल घालत होते. क्लबातल्या नव्हे, स्वतःच्याच.

"तुम्हीच ना ती मोजमापवाली?"

"हो. मला थोडं विचारायचंय."

"विचारा. आता वेळच वेळ आहे माझ्याकडे."

"मास्तरांच्या रायफलीचा बोल्ट कधी बदलला गेला?"

"कधीच नाही."

"तुम्ही क्रमांक पाहिला होता?"

"क्रमांक कशाला बघू? बोल्ट ज्याचा त्याच्या खुंटीवर. रोज काढायचा, पुसायचा, टांगायचा. पंचवीस वर्षं तो हातात खेळला माझ्या. त्याची मूठ मागच्या अंगाला जराशी चपटी आहे, अंगठ्याला लागते. तुम्ही काय घरच्या माणसाला ओळखपत्र बघून ओळखता?"

"या सात महिन्यांत दुसऱ्या कोणाच्या हातात किल्ली गेली असेल का? तुम्ही आजारी होतात, रजेवर होतात, असं काही?"

कोठीकाकांनी तेलाची बाटली खाली ठेवली. "नाही. किल्ली एक दिवस कोणाला दिली नाही."

"काका, असं बोलून तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय."

"मग काय खोटं सांगू?"

व्हर्नियर तिथून निघाली ती विचारात पडूनच. स्वतःला सोडवायची एवढी सोपी वाट समोर असताना तिकडे ढुंकूनही न पाहणारा चोर तिने अजून पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर कुठलाच चोर पाहिला नव्हता. म्हणून तिने ठरवलं की भरवसा मोजमापावरच ठेवायचा, आणि ती कर्नलकडे गेली.

३

कर्नल लष्करात कधी नव्हते. पाणी गाळायची यंत्रं विकण्यात त्यांचा जन्म गेला होता. हे नाव त्यांना मिशांमुळे मिळालं होतं.

"या, या. मला बेड्या घालायला आलात?" त्यांनी हसत दार उघडलं, पण डोळे हसत नव्हते. "मास्तरांच्या शेजारी वीस वर्षं नेम धरला मी. एकदाही त्यांच्यापुढे जाता आलं नाही. आता ते नाहीत आणि मी पहिला येतो, तर लोक म्हणतात बोल्ट चोरला."

"नेम सुधारला कसा?"

कर्नलनी खिशातून चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असा. सून मागे लागली म्हणून डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस तुम्ही लक्ष्य बघत होतात की नुसता अंदाज बांधत होतात? पण हे क्लबात सांगायचं कसं? एवढी वर्षं मी वाऱ्याला दोष देत आलोय."

व्हर्नियरला हसू आलं, तिने ते आवरलं. "तुमचा बोल्ट बघू शकते का?"

"खुशाल बघा. क्लबातून सगळं मागवून घेतलंय मी, नंतर कोणी काही बोलायला नको."

तिने बोल्ट हातात घेतला. मनात उत्तर तयार होतं. अदलाबदल झाली असेल, तर यावर ४१७ असणार. तसं असेल, तर शनिवारी कोठीकाकांना कोणी वाचवू शकणार नव्हतं. तिने भिंग धरलं. एकदा पाहिलं, बोल्ट पुसून पुन्हा पाहिलं.

क्रमांक ४१९ होता.

४

"मग यात तिसरा माणूस आहे," मास्तरांचा मुलगा फोनवर म्हणाला. "४१९वाला शोधा. टोळीच आहे ही."

व्हर्नियरने फोन ठेवला आणि कागद पुढे ओढला. ४१७च्या नळीत ४१२चा बोल्ट. ४१२च्या नळीत ४१९चा. मग ४१९च्या नळीत कोणाचा? ही साखळी कुठे थांबेना. एक तर गावभर चोर पसरले होते आणि प्रत्येक जण चोरून झाल्यावर दुसऱ्याचा बोल्ट जागच्या जागी बसवून जात होता, किंवा चोर नव्हताच. आणखी एक गोष्ट तिला खटकली. ४१२, ४१७, ४१९. तिन्ही आकडे एकाच दशकातले. चोराला दशकाशी काय देणंघेणं?

पण या सगळ्याच्या आड एक रायफल उभी होती: ४३१. तिचे क्रमांक जुळत होते. तीच एक विक्री धरून तर तिने नियम बांधला होता.

ती रायफल योगायोगाने दुकानातच होती. गिऱ्हाईक दर वर्षी साफसफाईला तिथेच देत असे. दुपारी दुकान रिकामं असताना व्हर्नियरने तिचा बोल्ट काढून दिव्याखाली धरला. ४३१. बरोबर. मात्र बाकी दोन्ही बोल्टांवरच्या इंग्रजी चारचं डोकं उघडं होतं. या चारचं डोकं मिटलेलं होतं. तिने कॅलिपर लावलं. मास्तरांच्या आणि कर्नलच्या बोल्टची जाडी आकड्याच्या जागी १२.७० मिलिमीटर भरली होती. इथे १२.४५.

पाव मिलिमीटर लोखंड गायब होतं. कोणीतरी जुना क्रमांक घासून काढून त्यावर नवा ठोकला होता. जुना कोणता? मास्तरांच्या रायफलीचा हरवलेला बोल्ट ४१७ असायला हवा होता.

"काय मोजतेयस?" मागून मालकांचा आवाज आला.

तिने बोल्ट त्यांच्यापुढे ठेवला. "इथला क्रमांक घासलाय, मालक."

मालक स्टुलावर बसले.

"मीच घासला," ते म्हणाले. "खाली ४३८ होतं. दीड वर्ष ती रायफल इथे पडून होती. जो येई तो विचारी, क्रमांक का जुळत नाही, चोरीचा माल आहे का. मला खरंच माहीत नव्हतं. कारखाना बंद, विचारणार कोणाला? शेवटी वैतागून आकडा ठोकला. महिन्याभरात विकली गेली."

"४१७ नव्हतं? नक्की?"

"४३८. शपथेवर सांगतो. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायला मात्र आता तोंड नाही मला."

पुन्हा एकाच दशकातले दोन आकडे. व्हर्नियर उठून उभी राहिली. "मालक, त्या कारखान्यात काम केलेलं कोणी हयात आहे का?"

"एक बाई आहे. कारखाना बंद झाला तेव्हा उरलेल्या स्प्रिंगा तिच्याकडून घेतल्या होत्या मी. शिंपी गल्लीच्या तोंडाशी कात्र्यांना धार लावते."

"आणि तिला तुम्ही कधी विचारलं नाही?"

"कात्र्यावालीला काय विचारायचं, असं वाटलं," मालक म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून खाली बघू लागले.

५

आजी धारेच्या चाकापाशी बसल्या होत्या. समोर कात्र्यांची रांग. पाकोळीचं नाव काढताच त्यांनी चाक थांबवलं.

"त्यांचे क्रमांक जुळत नाहीत, आजी. का?"

"का जुळावेत? नळीवाला आपला क्रमांक घालायचा, बोल्ट करणारा लेथवाला आपला. माल बाद झाला तर बोलणी कोणी खायची ते कळायला. पुढे दहा नळ्या आणि दहा बोल्ट एकदम माझ्या बेंचवर यायचे. मी प्रत्येक नळीत प्रत्येक बोल्ट घालून बघायची. पाच-पाच गोळ्या. ज्या बोल्टने कागदावरची भोकं सगळ्यांत जवळजवळ पडतील, तो त्या नळीचा."

व्हर्नियरने मनात गुणाकार केला. "म्हणजे दहा रायफलींना पाचशे गोळ्या?"

"म्हणून तर बंद पडला ना कारखाना," आजी म्हणाल्या. "पण नेम काय लागायचा."

एकाच दशकातले आकडे, साखळी, सगळं एका फटक्यात जागेवर बसलं. जुळलेले क्रमांक म्हणजे मूळची जोडी, हा दुसऱ्या कंपन्यांचा नियम तिने इथे डोळे झाकून लावला होता. पाकोळीत क्रमांक जुळलाच, तर दहांत एखाद वेळी, निव्वळ योगायोगाने.

"पण आजी, मूळची जोडी हीच, हे ओळखायचं कसं?"

"माझ्या ठिपक्यांवरून. जोडी ठरली की पोगराने, त्या टोकदार ठोकणीने, दोघांना एकसारखे ठिपके. दहा जोड्यांना दहा तऱ्हेचे. बोल्टच्या मुठीखाली आणि नळीच्या पोटाला, लाकडाच्या आत."

व्हर्नियरचा चेहरा उतरला. मास्तरांच्या बोल्टवरचे ठिपके तिने पाहिले होते. वर तीन, खाली दोन. अहवालात तिने त्यांना 'किरकोळ खड्डे' म्हटलं होतं.

"नळीवरचे बघायला लाकूड काढावं लागेल?"

"काढावंच लागेल. आणि एक सांगते, बाळ. ते ठिपके जुळले नाहीत, तर बोल्ट खरंच बदललेला आहे. मग मला बोलावू नका साक्षीला."

६

शनिवारी चार वाजता क्लबाच्या लांब टेबलाभोवती समिती बसली. काकू आणि मुलगा एका बाजूला, कर्नल चष्मा लावून दुसऱ्या बाजूला. मालक दारापाशी उभे होते. कोठीकाकांना खुर्ची दिली होती, पण ते तिच्या काठावर टेकले होते.

व्हर्नियरने आजींचं म्हणणं सांगितलं आणि मास्तरांचा बोल्ट सगळ्यांच्या हातातून फिरवला. तीन ठिपके, खाली दोन. कर्नलनी आपलाही बोल्ट काढून दाखवला. त्यावर चार ठिपके एका रेषेत होते.

"आता नळी उघडून बघायची. कर्नलचे चार तिथे निघाले, तर अदलाबदल झाली. तीन आणि दोन निघाले, तर नाही."

"उघडा की," मुलगा म्हणाला. त्याने पेचकस कोठीकाकांच्या हाताजवळून उचलून घेतला. "पण यांच्या हाताने नको."

"त्यांच्याच हाताने," काकू म्हणाल्या. आल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "तुझ्या बाबांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नसता. मलासुद्धा नाही."

मुलाने पेचकस परत दिला आणि कोठीकाकांनी दोन पेच काढले. लाकूड घट्ट बसलेलं होतं, बोटांनी हळूहळू सैल करावं लागलं. नळी मोकळी झाली तेव्हा तिच्या पोटाला पंचवीस वर्षांचं तेल काळं होऊन चिकटलं होतं. त्यांनी फडकं फिरवलं, पण खाली बघितलं नाही. नळी व्हर्नियरकडे सरकवली.

तिने भिंग न लावताच पाहिलं. मग ती नळी मुलापुढे ठेवली. "तुम्ही मोजा."

मुलाने बोट ठेवून मोजलं. मग पुन्हा मोजलं. "तीन," तो म्हणाला. "खाली दोन."

"बोल्ट कोणीच बदललेला नाही," व्हर्नियर म्हणाली. "कारखान्यातून निघाली तीच जोडी आहे. चूक माझी आहे. एकच विक्री बघून मी नियम बांधला, आणि जे मला माहीत नव्हतं ते माहीत असल्यासारखं लिहिलं."

"आणि ती विक्रीच खोटी होती," दारातून मालक म्हणाले. "आकडा मी ठोकला होता. त्या गिऱ्हाइकाला आज सकाळी सांगून आलो. रायफल परत घेणार आहे. या पोरीला दोष द्यायचा तर अर्धा माझ्या नावावर टाका."

मग काकूंनी विचारलं, "मग आता हिची किंमत किती?"

"दीड लाखापासून पावणेदोन लाखांपर्यंत. दोन लाखांचा भाव खोट्या आकड्याला मिळाला होता, तो धरता येत नाही. याहून नेमकं सांगितलं, तर मी पुन्हा तेच करीन."

"पावणेदोन मी देतो," कर्नल म्हणाले. "वीस वर्षं हिने मला हरवलंय. निदान घरात तरी ती माझ्या बाजूने राहील."

काकू हसल्या, आणि डोळे पुसू लागल्या. मुलगा उठून कोठीकाकांसमोर जाऊन उभा राहिला. कोठीकाकांनीच त्याला बाजूची खुर्ची ओढून दिली. "बाबांचं होतं म्हणून तुला लागलं. बस."

समितीच्या अध्यक्षांनी किल्ल्या पुढे केल्या. कोठीकाकांनी घेतल्या नाहीत. "आधी फलकावरचं उतरवा."

व्हर्नियरने जागेवर बसून कागद लिहिला: माझा अहवाल चुकीचा होता, बोल्ट मूळचा आहे, कोठीतून काहीही हरवलेलं नाही. खाली सही केली. बाहेर जाऊन जुनी सूचना काढली आणि त्याच टाचण्यांनी हा कागद लावला. कोठीकाका तिच्या मागोमाग आले होते. त्यांनी तो दोनदा वाचला.

"याची अजून एक प्रत करून द्याल?"

"देते की. कुठे लावायचीय?"

"लावायची नाही. घरी न्यायचीय." त्यांनी फलकावरच्या कागदाकडे पाहिलं. "बायको काही बोलली नाही मला. एक शब्द नाही. पण गेले नऊ दिवस ती रोज सकाळी पाहुण्याला विचारावं तसं विचारते, चहा घेणार का? एकतीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं तिने. आणून ठेवायची, बस्."

व्हर्नियरने फलकाच्या भिंतीलाच कागद टेकवला आणि पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा लिहिलं. या वेळी अक्षर जास्त ठळक काढलं. सही करून कागद त्यांच्या हातात दिला.

कोठीकाकांनी घडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरचं बटण लावलं. मग आत जाऊन किल्ल्या घेतल्या.